दुसरी अर्धी भाकरी

पिठल्याला लसणाची फोडणी बसली की मला मांडवगणच्या घरची ती दुपार आठवते. वडील कुरकुंभला कंपनीत होते. शिफ्टवर असतानाच त्यांना झटका आला आणि ते गेले. सकाळी माती देऊन सगळे परतले. घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून भावकीतल्या बायकांनी कडू घासाला पिठलं-भाकरी आणली. ओसरीवर पंगत बसली. आबा, म्हणजे माझे आजोबा, तेव्हा नव्वदीला टेकलेले, पण ताठ. जन्मभर ते अर्धीच भाकरी खायचे आणि दुसरी अर्धी शेजारी बसलेल्या वडिलांच्या ताटात टाकायचे. "पोटात जागा ठिवली की मानूस लई टिकतो," असं म्हणायचे. वडील हसत हसत तीही संपवायचे. त्या दुपारी सवयीनंच आबांनी भाकरी मोडली आणि अर्धी घेऊन हात शेजारी नेला. तिथं कुणी नव्हतं. न सांगताच ती जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग आबांनी ती अर्धीही स्वतःच्या ताटात ठेवली आणि खाऊ लागले. मी घाबरून म्हटलं, "आबा, सोसंल का तुम्हाला?" ते म्हणाले, "माझी भाकर त्यो खात राहिला, पोरी, आन् त्याचं आयुष्य मी खाल्लं." पुढंही ते कितीतरी वर्षं जगले. आता डॉक्टरांनी मलाही अर्धीच भाकरी सांगितली आहे. मी ती मोडते, शेजारी बसलेला मुलगा ताट पुढं करतो, आणि माझा हात उचलत नाही.