रेझिनचं तळं
रेझिनचा उग्र वास आला की अजून छातीत धस्स होतं. दुष्काळाचं साल होतं, बजाजनगरात टँकरमागं बायका घागरी घेऊन धावायच्या, आणि मी तिथंच एका खोलीत वॉटर पार्कचं मॉडेल करत होतो. मॉडेलमधल्या तळ्यात पाणी दिसावं म्हणून ओतलेलं रेझिन घट्ट होईना आणि पार्कचे मालक तर बघायला निघालेले. तेवढ्यात गावाकडनं, कन्नडहून, डबा घेऊन आलेली माय म्हणाली, "लई दिसांनी भरलेलं तळं बघितलं रं," आणि नव्या पाण्याला करतात तसं बोटं बुडवून डोळ्यांना लावायला निघाली. मी झडप घालून तिचं मनगट धरलं. "माय, पाणी नाय ते, डोळे जातील!" मी चिंधीनं तिची बोटं पुसून काढली. तिच्या बोटांचे खळगे तळ्यात तसेच राहिले. मालकांना त्या लाटा वाटल्या. आता कुठल्याही मॉडेलमधलं माझं तळं वाळलं की, कुणी बघत नाही असं पाहून, मी बोटं टेकवतो आणि डोळ्यांना लावतो.