खोक्यावर ठिपका नव्हता

मुलगी दोन वर्षांनी जपानहून आली आणि बॅगेची चेन उघडायच्या आधी हातातला चपटा खोका टेबलावर ठेवून म्हणाली, "आई, हे आधी खा."

तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. या पोरीला मी ओळखते. नववीत गणितात गचकली होती, तेव्हा निकाल दाखवायच्या आधी माझे पाय चेपायला बसली होती. त्यात येताना टॅक्सीत मी विचारलं होतं, "मार्चमध्ये तुझं काँट्रॅक्ट संपतंय ना? मग कायमची येतेस ना?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बघू." हे गेल्यापासून मुलुंडच्या या घरात मी एकटी. मार्च डोळ्यांसमोर ठेवून तिच्या खोलीला रंगसुद्धा लावून घेतला होता. आणि ही म्हणे बघू.

खोक्यात बारा पांढरे गोळे, प्रत्येकाला वेगळं प्लास्टिक. एक सोडवून बोटाने दाबला तर खड्डा पडला आणि सावकाश परत भरून आला. खायच्या वस्तूने असं काही करू नये, असं माझं मत आहे. खोका उलटासुलटा करून पाहिला. हिरवा ठिपका नाही, लालही नाही. एक तारीख होती, पण ती बनवल्याची की संपण्याची, देव जाणे.

"अगं, तांदळाचंच आहे. आत कडधान्याचं गोड पुरण," ती म्हणाली.

"म्हणजे मोदकच की."

"तसंच समज."

तसंच कसं समजू? माझा उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी कडक होतो. हे बेणं समुद्र ओलांडून आलं तरी मऊ लुसलुशीत. यात काय कालवलं असेल? एरवी घरात गोड आलं की आधी देवापुढे ठेवते, पण याची खात्रीच नव्हती, म्हणून तेही केलं नाही.

मग मला समोरची शेजारीण आठवली. माझ्याच वयाची, आणि तिला काहीही पचतं. म्हटलं, आधी हिला देऊन बघू. पाप म्हणा हवं तर. खोका उचलला आणि तिची बेल वाजवली. मागून मुलगी "आई, थांब ना, मला बोलायचंय," म्हणत आली, पण तोवर दार उघडलं होतं.

आता आमच्या बिल्डिंगमध्ये मिठाईचा उघडा खोका घेऊन कोणी उगाच दारात येत नाही. पोरगं पास झालं, नोकरी लागली, बाळ झालं, असं काहीतरी असतंच. शेजारणीने मी सोडवलेला गोळा उचलून तोंडात टाकलासुद्धा, आणि चावता चावता माझ्यामागे उभ्या मुलीकडे बघून विचारलं, "काय गं, लग्न ठरलं का?"

मी "छे, सहज आणलं" म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला. "लग्न नाही, काकू. मला तिकडे पर्मनंट केलंय. मी हो म्हणून सांगितलंय."

खोका माझ्याच हातात होता. या बातमीची मिठाई मीच वाटत होते.

"अगं, मग एवढी आनंदाची गोष्ट, आणि चेहरा का असा?" शेजारीण मला म्हणाली. "स्वतः खाल्लंस की नाही?" मी नाही म्हणून मान हलवली. तिने खोक्यातला एक सोडवून सरळ माझ्या तोंडात कोंबला. मुलगी माझ्याकडे बघत होती. दोन वर्षांत बारीक झाली होती, डोळे भरले होते, आणि मी काय म्हणते याची वाट बघत होती. मला राग आला होता, रडू येत होतं आणि तिचं कौतुकही वाटत होतं, सगळं एकदमच.

ते चिकट पीठ टाळूला असं बसलं की जीभ हलेना. बरंच झालं. तोंड मोकळं असतं तर "जाऊ नकोस" एवढंच बाहेर पडलं असतं.