काठीचा एक ठोका

काकूंचं निम्मं आयुष्य गाड्यांच्या गाद्या आणि पडदे शिवण्यात गेलं, उरलेलं मास्तरांचं ऐकण्यात. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत कधी धड न रमलेला हा पत्र्याचा कारागीर. पण कोणी शिडीवर पाय ठेवला रे ठेवला की यांचं व्याख्यान सुरू. म्हणून गाड्या लावायच्या त्या आवारात सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे.

दोघांचं घर म्हणजे एक जुनं मोटारहोम. ओटा, शिलाई मशीन, मागे पलंग, सगळं चाकांवर. छताची डागडुजी ती दोघं घरच्या घरी करायची आणि नियम अर्थातच मास्तरांचे. ओल्या छतावर जायचं नाही. शिडी टणक, सपाट जागी उभी करून वरचं टोक छताच्या कठड्याला पट्ट्याने आवळायचं. चढताना हात मोकळे. अवजारं मागाहून दोरीने ओढून घ्यायची. वर फळी टाकून तिच्यावरच गुडघे टेकायचे. आणि सगळ्यात मोठा नियम: उतरण्याआधी छतावर ठोकायचं. खालच्याने उलट दोनदा ठोकलं तर उतरायचं, एकदाच ठोकलं तर जागच्या जागी थांबायचं.

शेवटच्या वर्षी मास्तर अंथरुणाला खिळले आणि चढायची पाळी काकूंवर आली. तरी नियम सुटला नाही. पलंगाजवळच्या खिडकीतून मास्तर शिडीवर डोळा ठेवायचे आणि पडल्या पडल्या काठीने छत ढोसून उत्तर द्यायचे. पलंगावरच्या छताला आतून लावलेल्या प्लायला काठीच्या रबरी बुडाचे गोल वण पडले होते. "घराची पार दशा केलीत!" काकू करवादायच्या. मास्तर गेल्यावर त्याच वणांकडे बघत त्या पोटभर रडल्या.

पुढे छताच्या झरोक्याशी गळती लागली आणि ते प्लाय कुजलं. काळजावर दगड ठेवून काकूंनी ते काढलं, नवं कोरं पांढरं बसवलं. पण वरची भेग बुजवल्याशिवाय त्याचीही तीच गत होणार होती. भावाने फोनवर निक्षून सांगितलं, "छतावर चढायला माणूस नाही, तर गाडी विक आणि माझ्याकडे ये. पुरे झाला हट्ट."

भाऊ मायेचाच होता. पण त्याच्या घरी काकू जन्मभराच्या पाहुण्या झाल्या असत्या.

एका कोरड्या दुपारी त्यांनी शिडी लावली. आवाराचा पहारेकरी फाटकाशी जेवत होता. कशाला त्याला उठवा, म्हणून एकट्याच चढल्या. वारा पडलेला. एरवी आवारात कुत्री तरी भुंकतात, त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. काकूंनी झरोक्याभोवतीचा जुना मसाला खरवडला, जागा पुसली, नवा भरला. अवजारांची पिशवी खाली सोडली. मग पाठमोऱ्या सरकत शिडीपाशी आल्या आणि सवयीने बोटांच्या पेरांनी छतावर ठोकलं. लगेच स्वतःचंच हसू आलं. खाली होतं कोण उत्तर द्यायला!

खालून ठोका आला. बोथट, रबरी. गुडघ्याखालच्या फळीत तो त्यांना जाणवला.

दुसरा येईल म्हणून काकू कान देऊन थांबल्या. आला नाही.

"अहो?" त्या पुटपुटल्या.

पाय उचलायची हिंमत होईना. हात तेवढा पुढे करून त्यांनी कठडा ओढून पाहिला. तो स्क्रूंसकट अलगद हातात आला. खालचं लाकूड भिजलेल्या भुशासारखं झालं होतं. गळती तिथवर मुरली होती आणि काकूंनी पट्टा नेमका तिथेच आवळला होता. चढताना कसंबसं तगलं, पण आता शिडीवर पुन्हा भार पडला असता तर शिडी, कठडा आणि काकू, तिघं एकदमच खाली.

त्यांच्या हाका ऐकून पहारेकरी खरकट्या हाताने धावत आला.

"काकू, एकट्याच चढलात? आज मास्तर असते तर..."

"नंतर बोला. आधी शिडी धरा!"

खाली उतरून त्या आत गेल्या. काठी दाराच्या खुंटीला होती तशीच, धुळीने माखलेली. नव्या प्लायवर मात्र एक गोल वण होता. ज्या माणसाच्या कुशीत जन्म काढला, त्याची त्यांना भीती वाटली आणि त्या भीतीची लाजही वाटली. पलंगावर न बसता त्या जमिनीवरच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याला खाली उभं करून त्यांनी नव्या लाकडात कठडा पक्का बसवला. संध्याकाळी भावाचा फोन आला.

"दादा, गाडी विकायची नाही. छत मी केलं."

"आणि उद्या तुला काही झालं तर? आहे कोण तिथे तुझं?"

काकू उत्तर देणार, एवढ्यात डोक्यावर छत वाजलं. बोटांच्या पेरांनी ठोकल्यासारखं. उतरण्याआधी ठोकतात, तसं.

फोन तसाच ओट्यावर ठेवून काकूंनी खुंटीवरची काठी काढली. पलंगावर उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. कालच्या वणाशेजारी त्यांनी ठोकलं.

एकदाच.

"अजून उतरून जाऊ नका हो," त्या म्हणाल्या आणि दुसरा ठोका चुकूनही पडू नये म्हणून काठी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून ठेवली.