सगळ्या घरांत पाच

सातपूरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होतो. तिथल्या साहेबांचा मला आजही राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मशीन शॉपमध्ये धातू कातायचे सहा लेथ, आठवड्याचे कामाचे दिवस सहा. कोणत्या लेथवर कोणत्या दिवशी किती पीस रिजेक्ट झाले, हा तक्ता, प्रत्येक लेथची आडवी ओळ आणि प्रत्येक दिवसाचा उभा रकाना असा, सी भाषेतल्या माझ्या प्रोग्रामात भरायचा आणि साहेबांच्या फोरट्रानमधल्या जुन्या प्रोग्रामला द्यायचा, एवढंच माझं काम. अडचण अशी, की मेमरीत तक्ता नसतोच, आकड्यांची एक लांब रांग असते. सी ती आडव्या ओळींनी लावते, फोरट्रान उभ्या रकान्यांनी वाचतं. तशीच पुढे दिली, की लेथच्या जागी दिवस जाऊन बसतात.

हे मी साहेबांना सांगितलं. "माझा प्रोग्राम दहा वर्षं चाललाय. तुम्ही काल आलात," ते म्हणाले. मग स्वतः चाचणी घेतली. वेगवेगळे आकडे भरायचा कंटाळा, म्हणून छत्तीसही घरांत पाच भरले. पाचाचे पाचच आले. झाली चाचणी.

सुट्टी शनिवारची. रविवारी मशीन थंड, सेटिंग नवं, त्यामुळे सगळ्याच लेथवर माल जास्त खराब व्हायचा. रविवारचा तो पहिला रकाना फिरून पहिली ओळ झाला. एक नंबरचा लेथ सहाही दिवस माल खराब करतोय, असं छापून आलं. एकूण बेरीज जुळत होती, म्हणून कुणी पुढे पाहिलं नाही.

एक नंबरवर सिन्नरहून एसटीने येणारा टेम्पररी टर्नर होता. त्याच महिन्यात तो परमनंट होणार होता. साहेबांचा कागद वर गेला आणि त्याला काढून टाकलं.

तो रोजच्या कामाचं कार्ड घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, मंगळवारी माझे दोनच पीस गेले. कार्डावर सही हाय सुपरवायझरची. तुमच्या कागदावर अकरा कसे?"

अकरा तीन नंबरच्या लेथचे होते, रविवारचे. मी तक्ता पालटून पुन्हा छापला आणि दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. त्यांनी ते नीट पाहिले. समजलं त्यांना, हे मी शपथेवर सांगेन.

"दुरुस्त करा. पण गेलेला कागद परत मागवायचा नाही. उद्या कुणीही उठून कॉम्प्युटर चुकला म्हणेल."

दुरुस्ती दोन ओळींची होती. संध्याकाळी तो टर्नर गेटवर उभाच होता. बोलायला तोंड मलाही होतं. मी "बघू" म्हणालो आणि बसमध्ये चढलो.

पुढच्या आठवड्याचा तक्ता बरोबर आला. एक नंबरचं रिजेक्शन एकदम खाली. साहेबांनी वर लिहून कळवलं: माणूस बदलल्याचा फायदा झाला. तो कागद टाइप मीच केला.