पांढऱ्या भांड्यावरची चिठ्ठी

खंडेनवमीला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. त्या सकाळी मी झेंडूची फुलं घेऊन आले, तर साफसफाईच्या मावशी सिंकपाशी माझं पांढरं टेफ्लॉनचं भांडं नुसत्या हातांनी घासत होत्या.

हातातली फुलं मी तिथेच टाकली. लिथियम आणि सोडियमच्या बॅटरीसाठी मी लोखंडाचं फ्लोराइड बनवत होते. महागड्या कोबाल्टऐवजी साधं लोखंड वापरायचं, एवढीच माझी पीएचडी. पण त्याला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. मेलं काचसुद्धा खातं, आणि दिसतं पाण्यासारखं. कातडीवर पडलं तर आधी काही कळतही नाही. मग ते आत हाडापर्यंत जातं, रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, माणूस दगावूसुद्धा शकतो. आणि आदल्या दिवशी थोडं आम्ल उरलेलं ते भांडं मी शहाणी नुसतं झाकून, वर चिठ्ठी चिकटवून घरी गेले होते.

"मावशी, सोडा ते! नळाखाली हात धरा!" मी किंचाळलेच.

"अगं बाई, काय झालं? पाणीच तर होतं. पूजेला घाण भांडं ठिवायचं का?"

"दुखतंय का?"

"नाय. दिंडोरीला औषध मारलेल्या द्राक्षांत लय वर्षं हात घातलेत मी. याला काय होतंय?"

दुखत नव्हतं, त्याचीच मला भीती वाटत होती. पाण्याखाली हात धुऊन झाल्यावर मी हातमोजे चढवले आणि कॅल्शियमचं जेल त्यांच्या बोटांना चोळायला लागले. दवाखान्यात नेताना रिक्षातही चोळतच होते. रिक्षावाल्याला मी इतक्यांदा घाई केली की त्या म्हणाल्या, "ताई, जरा दम खा." सिग्नलला रिक्षा थांबली आणि त्यांनी ओठ आवळले.

"आता ठणकतंय हो."

देवा, यांची बोटं गेली तर? त्या हातांवर त्यांचं घर चालतं. आणि सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला माझ्या पीएचडीचीही काळजी वाटली.

डॉक्टरांनी बोटांत कॅल्शियमची इंजेक्शनं दिली, छातीला वायरी लावून दिवसभर झोपवून ठेवलं. संध्याकाळी म्हणाले, बोटं वाचली. मी तिथेच रडायला लागले.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. "त्या भांड्यावर काय लिहिलं होतं?"

"धोका आहे, हात लावू नका."

"इंग्रजीत?"

"हो."

"मग मराठीत लिहायचं ना, ताई. सातवी झालीय माझी."

चार वर्षं आम्ही रोज भेटत होतो. त्यांना वाचता येतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.