मुक्ताच्या टेबलावरचा आरसा

निखिल, तुझी मुक्ताताई जपानला निघाली तेव्हा तू जर्मनीत होतास, म्हणून ही आजी तुला सांगते. पोशीरच्या घरासमोर गाडी आली. मी मुक्ताची कागदपत्रं पुन्हा तपासली, तिच्या हातावर दही ठेवलं. गाडी हलली, ती पुढे बघू लागली, तेव्हा कुठे मी चेहरा सैल सोडला. वळणावर तिने मागे पाहिलं आणि मी लगेच हसले. वाटलं, भीती लपवणं जमलं.

मग मीही पोशीर सोडून खालापूरच्या फ्लॅटमध्ये आले. तिथे खिडकीतून भाताची खाचरं दिसायची, इथे दिवसभर एक्सप्रेसवेचे ट्रक ऐकू येतात. एकटीला भीती वाटते हे कुणाला सांगितलं नाही. माझी आई म्हणायची, “भ्या वाटलं तर बोल गं, गप नको ऱ्हाऊ.” मी इंग्रजी शाळेत गेले आणि नीटनेटकं गप्प राहायला शिकले.

मुक्ता टोकियोत कार्टूनपट बनवणाऱ्या एका ॲनिमे स्टुडिओसाठी चित्रं काढते. एखाद्या हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र मोठे चित्रकार काढतात, मधली सगळी हिच्याकडे. तिथली मुलं टेबलाखाली झोपतात, आजारी पडतात, हे तिनेच एकदा हसत सांगितलं. तेव्हापासून फोनवर मी आधी तिचा चेहरा निरखते. खोलीवर काम करताना ती व्हिडिओ कॉल चालू ठेवते, आवाज बंद करून. इकडे मी भाजी निवडते.

एका दुपारी मान वर केली, तर मुक्ताचे डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, हात गळ्याशी. क्षणभर ठीक, मग पुन्हा तेच. मी हाका मारत राहिले, तिला ऐकू जाईना. चाव्यांनासुद्धा चिठ्ठ्या लावणारी मी, पण तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्याचा एकही नंबर माझ्याकडे नव्हता. मेथी सांडली. मी फोनच गदागदा हलवत सुटले.

शेवटी तिचं लक्ष गेलं, तिने आवाज चालू केला. “आजी, अगं काय झालं? मी आरशात बघतेय.”

चेहरा काढायचा तर आधी आरशासमोर स्वतः करून बघतात म्हणे. चित्रातली म्हातारी कुणाला तरी निरोप देते. आधी घाबरलेली, मग हसरी. मधलं जमत नव्हतं, स्टुडिओतून दोनदा परत आलं होतं. अशी बाई कुठे पाहिलीस, मी विचारलं.

“तुलाच की. गाडीच्या बाजूच्या आरशात. मी पुढे बघतेय असं वाटलं ना तुला?” मग हळूच म्हणाली, “पुन्हा कर ना तो चेहरा.”

“करायला कशाला हवा? मला रोज भीती वाटते गं. तू धड परत येशील की नाही याची.”

ती खाली मान घालून काढत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, “मला पण वाटते, आजी.”

ते चित्र पास झालं का, मी विचारलं नाही. तिच्या घरमालकिणीचा नंबर मात्र मागून घेतला.

निखिल, पोशीरच्या घराला आता कुलूप आहे. रविवारी तुझा फोन आला आणि मी ‘सगळं मजेत’ म्हटलं, तर ठेवून देऊ नकोस. पुन्हा एकदा विचार. भ्या वाटतं हे मी बोलेन. तेवढ्यापुरती तरी मी घरी असेन.