जावेचं पोट

माझी जाऊ लग्न होऊन आमच्या डहाणूच्या घरात आली, तेव्हा माझ्या पोटात जुळी होती. तिच्या हळदीला बायका नवरीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होत्या. ही आता इथेच बाळंत होते की काय, अशी प्रत्येकीला काळजी. जाऊ तेव्हा पिवळ्या साडीत पाटावर बसली होती, कंबर एवढीशी. मी मनात म्हटलं, बस, तुझीही पाळी येईल.

सन दोन हजार चौदाच्या पावसाळ्यात मला जुळी झाली. मुलगी आणि मुलगा, दोघंही चांगल्या वजनाची. सिझेरियन होतं. सासूबाईंनी शेक दिला, जुन्या धोतराचा पट्टा घट्ट बांधला, "चार महिन्यांत उतरेल," म्हणाल्या. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, पोट उतरलं नाही. उभी राहिले की ते सैल कणकेसारखं खाली लोंबायचं आणि खोकला आला की बेंबीपाशी लिंबाएवढा फुगा वर यायचा.

मी उधव्याच्या शाळेत शिकवायचे. डहाणूहून तलासरीपर्यंत शेअरच्या गाडीने जायचं, नाक्यावर उतरून पुढची गाडी पकडायची. गाडीत कोणीतरी सरकून मला खिडकीची जागा द्यायचं, "बसा बाई, सांभाळून." शाळेत मुलांच्या आया विचारायच्या, "बाई, आता कधी?" सुरुवातीला मी खरं सांगायचे. मग समोरचीचा चेहरा पडायचा आणि तिलाच समजावत बसावं लागायचं. शेवटी एकीला कंटाळून मी सांगितलं, "जूनमध्ये." जून आला आणि गेला. ती बाई मला चुकवून जाऊ लागली. काहीतरी वाईट झालं असेल असं तिला वाटलं असावं. मीही तिला गाठून काही सांगितलं नाही.

दरम्यान जावेची पाळी आली. एकदा नव्हे, दोनदा. पहिला मुलगा झाला, दीड वर्षाने दुसरा, आणि दोन्ही वेळा तिचं पोट असं आत गेलं की जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर बाळाच्या बारशालाच तिने लग्नातला ब्लाउज घातला, उसवूनसुद्धा घ्यावा लागला नाही. कपडे वाळत घालायला ती हात वर करायची आणि पदर सरकायचा, की माझी नजर तिथे जायची. सपाट, गव्हाळ, एक सुरकुती नाही. मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू करायचे. सासूबाई सांगत त्याच्या दीडपट तूप घालायचे आणि समोर उभी राहून खायला लावायचे. सासूबाई शेजारणींना सांगत, "थोरली धाकटीचं किती करते बघा." लाडू संपले, जाऊ होती तशीच राहिली. उरलेल्या तुपाने माझंच वजन वाढलं.

मग चिंचणीला एक लग्न होतं. मी साडी छातीपर्यंत ओढून, चार पिना लावून नेसले होते. जाऊ बेंबीच्या खाली नेसली होती, मोतिया रंगाची साडी, आणि कडेवर बाळ. मांडवात नवऱ्याच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी मला जवळ ओढलं, पोटावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या वेळी एकच असू दे हो देवा."

जावेला हसू फुटलं. तिने तोंडावर पदर धरला आणि लगेच सावरून म्हणाली, "अहो आत्या, ताईंना गॅसेसचा त्रास आहे."

तिच्या हसण्यापेक्षा त्या सावरण्याचा मला जास्त राग आला. मी जेवले नाही. परत येताना गाडीत ती दोनदा म्हणाली, "ताई, राग आला का?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं की मला पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचंय. ते तारापूरला कारखान्यात पाळीने काम करायचे. त्यांनी डबा भरता भरता विचारलं, "हर्नियाचं?"

"हर्नियाचं आणि बाकीचंही. ते जास्तीचं कातडं काढून टाकतात, स्नायू शिवतात."

"मला तर तू आहेस तशीच..."

"मला नाही."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. नाही म्हणाले नाहीत, हे खरं. पण डॉक्टर शोधायला सोबत येणं त्यांना जमणार नव्हतं, रजा नव्हती. "धाकटीला घेऊन जा," म्हणाले. "ती बोलकी आहे, नीट विचारेल." माझ्या पोटाबद्दल बोलायलासुद्धा तीच!

पण एकटीने जायचा धीर नव्हता. मी तिला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. दोन दिवसांनी दुपारी मोबाइल घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "ताई, मी वाचलं. पहिलं विचारायचं की डॉक्टर प्लास्टिक सर्जरीच शिकलाय का. नुसती पाटी कोणीही लावतं."

पहिला डॉक्टर वापीचा. तलासरी ओलांडली की तासाभरात वापी, म्हणून तो आधी. दवाखाना हॉटेलसारखा, काचेची दारं, भिंतीवर विदेशी बायकांचे फोटो. काउंटरवरची मुलगी जावेला म्हणाली, "आवो बेन, पेशंट कोण आहे?" जावेने माझ्याकडे बोट केलं. डॉक्टर तरुण, गोरागोमटा. त्याने मला तपासलंही नाही. साडीवरूनच बघितलं, मग जावेकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "बस, इनके जैसा कर देंगे."

माझी कानशिलं तापली. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो डॉक्टर आवडलाही. तिच्यासारखं! मी हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊ म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही प्लास्टिक सर्जरीची डिग्री कुठून घेतली?"

तो हसला. म्हणाला, बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. जावेने पुन्हा विचारलं, "अनुभव आहे, पण डिग्री?" मग त्याने कसल्याशा कोर्सचं नाव सांगितलं. भूल कोण देणार, रात्री काही झालं तर दवाखान्यात डॉक्टर असतो का, तिने सगळं विचारलं. उत्तरं येत गेली तसा तो घड्याळाकडे बघू लागला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजच नाव नोंदवलं तर सवलत आहे.

बाहेर आल्यावर जाऊ म्हणाली, "इथे नाही हं, ताई."

"पोट तुझं फाडायचंय का?" मी म्हटलं.

आम्ही नाक्यावर उसाचा रस घेतला, एकमेकींशी न बोलता. ती बरोबर बोलत होती हे मला तेव्हाही कळत होतं. तेच जास्त लागत होतं.

दुसरे डॉक्टर अंधेरीचे. डिग्री पक्की, नाव मोठं. त्यांनी व्यवस्थित तपासलं, पण बोलले सगळं इंग्रजीत आणि इतक्या भरभर, की मी शिक्षिका असून मान डोलवत राहिले. शिवाय मुंबईत टाके दाखवायला पुन्हा पुन्हा जायचं म्हणजे सगळं घर हलवायचं.

तिसरे वलसाडचे. तलासरीच्या माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या भावाचा हात भाजला होता, तो त्यांनी नीट केला होता, एवढीच ओळख. जुनं हॉस्पिटल, बाहेर बाकं, बाकांवर पट्ट्या बांधलेली माणसं. डॉक्टर पन्नाशीचे, मोडकं मराठी बोलणारे. त्यांनी मला आडवं केलं, डोकं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं रुतवली. चार बोटं आत गेली. मग जावेला बोलावून दाखवलं. "बघा बेन, हे दोन स्नायू बाजूला गेले. मध्ये काही नाय. म्हणून आतडं वर येते. व्यायामाने हे नाय बसणार."

चार वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी सांगत होतं की हा माझा आळस नव्हता. डोळ्यांत पाणी आलं.

मी पडल्या पडल्या विचारलं, "हिच्यासारखं होईल का?" जाऊ शेजारीच उभी होती. विचारायचं नव्हतं, विचारलं गेलं.

डॉक्टरांनी जावेकडे बघितलंही नाही. "नाय. सपाट होईल, मजबूत होईल. पण या हाडापासून त्या हाडापर्यंत व्रण राहील, कायमचा. बेंबीला पण व्रण. खाली थोडा भाग बधिर राहील." त्यांनी फोटो दाखवले, त्यात एकीचा टाका उकलला होता, तोही दाखवला. आधी वजन थोडं कमी करा म्हणाले, आणि आणखी मूल नको असेल तरच करा. मग विचारलं, "सहा आठवडे काय उचलायचं नाय. बाळं कोण उचलणार?"

"मी आहे ना," जाऊ म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत.

दोन हजार अठराच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, वलसाडला माझं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा पोटावर कोणीतरी शेगडी ठेवलीय असं वाटलं. दोन्ही बाजूंना नळ्या, नळ्यांना बाटल्या. घरी आले ती म्हातारीसारखी वाकून चालत. डहाणूचा मे महिना, पोटावर रुंद पट्टा, दिवसरात्र. वीज गेली की पट्ट्याखाली घामाच्या धारा लागायच्या. गुडघ्यांखाली उशी घेऊन मी पुढच्या खोलीतल्या खाटेवर पडून असायचे आणि घर माझ्याशिवाय चालताना बघायचे.

ते छान चाललं होतं. जुळी चार वर्षांची होत आलेली. सकाळी जाऊ चार मुलांना एका रांगेत आंघोळ घालायची. दुपारी अंगणात ताडगोळे सोलून एकेकाच्या तोंडात घालायची. माझी मुलगी जेवताना हट्टी, माझ्या हातून अर्धी पोळी संपवायला तास लावणारी. ती आता "काकू, अजून" म्हणत होती. मुलगा दुपारी काकूच्या खोलीत झोपायचा. मी बोलावलं तर लांब उभा राहून म्हणायचा, "आईला हात लावायचा नाही, काकूने सांगितलंय."

एकदा मुलगी अंगणात पडली. गुडघा सोलवटला. रडत आत आली, माझ्या खाटेपाशी क्षणभर थांबली, माझे पसरलेले हात बघितले आणि पुढे स्वयंपाकघरात पळाली. आतून जावेचा आवाज आला, "अले अले, माझी छकुली."

जाऊ तिला कडेवर घेऊन बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, "तिला इकडे दे."

"ताई, उचलायचं नाही सांगितलंय."

"उचलायचं नाही सांगितलंय. आई नाही असं नाही सांगितलं."

जावेने मुलीला खाली ठेवलं, दाराबाहेर पाठवलं. मग खाटेच्या टोकाला बसली. मला वाटलं होतं ती रडेल. ती तापलेली होती.

"ताई, तीन वर्षं तुम्ही माझ्या पोटाकडे बघताय. मला कळत नाही का? कपडे वाळत घालताना, जेवायला वाढताना. आणि ते लाडू! एकेक लाडू म्हणजे नुसतं तूप. मी खाल्ले सगळे. नाही चढत मला वजन, काय करू? माझ्या आईला लोक विचारायचे टीबी आहे का म्हणून. आता तुमचं पोट झालं, तर माझ्या हातातलं पोरगं दिसतंय तुम्हाला."

पोट दुखत होतं, हसायला येत होतं, आणि हसलं तर टाके ताणले जात होते.

"मग कशाला आलीस माझ्याबरोबर सगळीकडे?" मी विचारलं.

ती पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मला आवडलं. त्या डॉक्टरांना प्रश्न विचारायला. तुम्ही रोज सकाळी पर्स घेऊन निघता, तलासरी, उधवा. मी दारात उभी राहून बघते. लग्न झाल्यापासून बघतेय. दवाखान्यात सगळे मला बसा म्हणाले, माझं ऐकून घेतलं. चहा टाक असं कोणी म्हणालं नाही."

मी रोज पर्स घेऊन निघते हे कोणी बघत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिचा हात धरावा असं वाटलं, पण वाकता येत नव्हतं आणि ती लांबच्या टोकाला बसली होती. मी म्हटलं, "तिला दे. मांडीवर नको, शेजारी बसव." तिने मुलीला आणून माझ्या उशीपाशी बसवलं आणि गुडघ्याला हळद लावायला वाटी माझ्या हातात दिली.

आमचं त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. मुलगा शाळा सुरू झाल्यावरही काही दिवस काकूकडेच झोपायचा आणि मी दाराशी रेंगाळायचे. सूज उतरली, पट्टा सुटला. व्रण आधी लालभडक, मग जांभळा. पोट सपाट झालं, डॉक्टर म्हणाले होते तसंच, जावेसारखं नाही. बेंबी जरा अनोळखी दिसते. पण खोकला आला की हात आपोआप पोटावर जायचा, तो जायचा थांबला. गाडीत खिडकीची जागा मिळणंही बंद झालं.

दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला तलासरीची ती सहकारी घरी आली. तिलाही दोन सिझेरियन झालेली, तिलाही हेच करायचं होतं. मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर आले तर ती जावेशी बोलत बसलेली. जाऊ तिला सांगत होती, पाटी बघायची नाही, डिग्री बघायची, बिघडलेल्या केसचे फोटो मागायचे, जो डॉक्टर आजच पैसे भरा म्हणेल तिथून उठायचं. जाऊ अशी ताठ बसली होती आणि ती शिक्षिका अशी कान देऊन ऐकत होती, की मला पुन्हा तीच जुनी कळ आली. कापली मला, वाकून चालले मी, आणि सल्ला विचारायचा हिला!

"आणि दुखतं किती?" सहकारी शिक्षिकेने जावेला विचारलं.

"दुखतं बाई," जाऊ म्हणाली, "पहिले चार दिवस तर..."

मी चहाचा ट्रे टेबलावर जरा आपटूनच ठेवला. "ते मला विचार," म्हटलं, आणि तिला हाताला धरून आतल्या खोलीत व्रण दाखवायला घेऊन गेले. जाऊ मागोमाग आलीच.